बॅटरीवर लिहिलेला नंबर

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला साधू समजायला नको. शहराबाहेरच्या वस्त्यांमधून मी व्हॅन घेऊन फिरतो. तिथे प्रत्येक घराला गेट असतं, गेटच्या आत गाडी असते आणि बऱ्याचदा गाडीत मेलेली बॅटरी असते. फोन आला की जायचं, बॅटरीला बाहेरून करंट देणारा बूस्टर लावायचा, गाडी चालू करून द्यायची. बॅटरीने मानच टाकली असेल तर नवी बसवायची. बसवलेल्या प्रत्येक बॅटरीवर मी मार्करने तारीख आणि मालकाचा फोन नंबर लिहितो. वॉरंटीचं कार्ड लोक हरवतात, बॅटरी हरवत नाहीत. या सवयीचा मला फार अभिमान होता.

त्या दिवशी अकराच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. आवाज दबका. "दादा, गाडी अजिबात चालू होत नाहीये. लगेच येता का? आणि प्लीज, हॉर्न वाजवू नका." हॉर्न वाजवू नका म्हणजे? मी काय बँड घेऊन येणार होतो? पण पत्ता जवळचाच होता. दहा मिनिटांत पोचलो.

गेट उघडं होतं, गाडी उघडी होती. बॉनेट उचललं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरी माझी, अक्षर माझं, तारीख चार महिन्यांपूर्वीची. माझी बॅटरी चार महिन्यांत बसली? आत वाकून पाहिलं तर दिव्यांचं बटण चालूच. म्हणजे रात्रभर दिवे जाळायचे आणि मग बॅटरीच्या नावाने खडे फोडायचे!

बाई अजून घरात होत्या. "आलेच, तुम्ही सुरू करा," असं खिडकीतून म्हणाल्या. तेवढ्यात मी बॅटरीवरचा नंबर फिरवला. ज्याचा नंबर तो मालक, आणि त्याने तक्रार करायच्या आत आपण त्याला सुनवायचं, हा माझा शिरस्ता.

"साहेब, बॅटरीवाला बोलतोय. माझी बॅटरी ठणठणीत आहे. तुम्ही रात्रभर लाइट चालू ठेवलीत. उद्या मला बोल लावू नका."

"तू कुठून बोलतोयस?"

"तुमच्या दारातून. मॅडमनी बोलावलंय. त्यांना निघायचंय कुठेतरी."

पलीकडे यंत्रांचा आवाज होता, तो चालत लांब गेल्यासारखा कमी झाला. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "सावकाश कर. घाई नाही काही."

गिऱ्हाईक असावं तर असं, म्हणत मी फोन खिशात टाकला.

बाई बाहेर आल्या. एका हातात कपड्यांची बॅग. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. डावा डोळा सुजून मिटलेला, भोवती हिरवट-काळं. "कोणाशी बोलत होतात?"

"साहेबांशी. नंबर होता ना बॅटरीवर."

त्या पायरीवर मटकन बसल्या. "फोन मी केला होता ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग त्याला का सांगितलंत?"

मी व्हॅनमधून बूस्टर काढायला लागलो.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. नवरा कारखान्यात सुपरवायझर, इथून आठ मिनिटांवर. स्वतःची मोठी गाडी घेऊन जातो आणि रात्री यांच्या गाडीचे दिवे लावून ठेवतो, म्हणजे सकाळी या कुठे जाऊ शकत नाहीत. बोटं परवा मोडली, डोळा काल. मुलगी दुसरीत आहे. शाळा बाराला सुटते. तिला घेऊन भावाकडे जायचं, तीन तासांचा रस्ता. "तो माझ्याआधी शाळेत पोचला तर संपलं, दादा. मुलीशिवाय मी कुठे जाणार?"

आणि मला आठवलं. नवी बॅटरी बसवताना हा नवराच बाजूला उभा होता. त्याने हसत विचारलं होतं, "दिवे राहिले तर किती वेळात उतरते रे?" मी ऐटीत सांगितलं होतं, एका रात्रीत. म्हणजे अक्कलही मीच पुरवली होती.

"चालू करा. लवकर."

पार उतरलेली बॅटरी लवकर ऐकत नाही. बूस्टरचा लाल चिमटा बॅटरीला लावला, काळा इंजिनच्या लोखंडाला. पाच मिनिटं तरी बूस्टर नुसता बसू द्यावा लागतो. त्या स्टिअरिंगवर बसल्या. किल्ली फिरवली, टक टक टक. थांबलो. पुन्हा, टक टक. समोरच्या घराचा पडदा हलला आणि परत बंद झाला. पंधरा मिनिटं झाली तरी तो आला नव्हता, म्हणून मला उलट धीर आला. मी त्यांना तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेत फोन लावला. ऐकलं, "बरं" म्हणाल्या, ठेवला.

"तिचे बाबा आत्ताच घेऊन गेले म्हणे."

त्यांनी सवयीने किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं.

मोठी गाडी रस्त्याच्या पलीकडे करकचून थांबली. पुढच्या सीटवर मुलगी, मांडीवर दप्तर. तो उतरला. इस्त्रीचा शर्ट, ओळखपत्र गळ्यात. मी चिमटे काढायला बॉनेटखाली हात घातला होता. "झालं का काम?" त्याने विचारलं, टेकूचा दांडा काढला आणि बॉनेट माझ्या उजव्या हातावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखणं मागून आलं.

मग त्याने दार उघडून बायकोचे केस धरले. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तोंडातून एक शब्द नाही, रोजचं काम उरकावं तसं. भुवई फुटून रक्त तिच्या चांगल्या डोळ्यात उतरलं. रस्त्यापलीकडे मुलगी किंचाळली नाही. तिने दप्तरावर डोकं टेकलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. काय करायचं ते तिला पाठ होतं.

मी हात खेचून काढला. डाव्या हाताला चाकाचा लांब पाना लागला. पहिला घाव पाठीत घातला. तो वळला आणि त्याच्या ठोशाने माझा ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. दुसरा घाव गुडघ्यावर घातला, तसा तो कोसळला.

काम तिथेच संपलं होतं. तो गुडघा धरून पडला होता आणि "बस, बस" म्हणत होता. मी थांबलो नाही. खांद्यावर मारला, बरगडीवर मारला, तोंड झाकणाऱ्या हातांवर मारला. "सावकाश कर म्हणतोस?" असं मी ओरडत होतो. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा मार माझ्या त्या फोनचा होता, आणि खाणारा तो होता. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

"पुरे!" बाई ओरडल्या. त्यांनी मुलीला उचलून आणून मागच्या सीटवर घातलं होतं. "पुरे हो, पाया पडते तुमच्या, पुरे!"

ते ऐकल्यावरही मी दोनदा मारलं.

मग डाव्या हाताने चिमटे काढले, बॉनेट दाबून बंद केलं. तो विव्हळत होता, म्हणजे जिवंत होता. बाईंनी गाडी गेटबाहेर काढली. त्यांना रस्ता धड दिसत नसणार, म्हणून मी धावत खिडकीशी गेलो. मला माफी मागायची होती. आधी रस्ता सांगावा म्हटलं, डावीकडून जा, तिकडे गाड्या कमी असतात. ते दाखवायला मी डावा हात वर केला.

बाईंनी कोपर डोक्यावर घेऊन अंग चोरलं. मागे मुलीने दप्तरावर डोकं टेकून कान झाकले.

मी घाईने हात खाली घेतला. "ताई, मी नाही... मी रस्ता दाखवत होतो," असं काहीतरी बोललो. त्यांनी कोपराआडून एका डोळ्याने बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे. गिअर टाकला आणि त्या गेल्या, उजवीकडून. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.