अडवून धरलेला सूर

मित्रांनो, मी एक जुना ॲकॉर्डियन आहे, आणि पक्का जळकुकडा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म इटलीतला, नव्वद वर्षांपूर्वीचा. हुकूमशहाच्या काळे सदरे घातलेल्या माणसांचा मोर्चा निघाला की माझ्या आताच्या मालकाचे, लुकाचे पणजोबा मला छातीशी धरून पुढे चालायचे. काय टाळ्या पडायच्या! त्याच मोर्चाने एकदा आमच्या गल्लीतल्या ज्यू पुस्तकवाल्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या. माझे कान मात्र टाळ्यांकडे होते.

आता मी लुकाबरोबर अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात राहतो. तो इथल्या युनिव्हर्सिटीत शिकतो. पूर्वी रोज संध्याकाळी तो मला मांडीवर घ्यायचा. मग नागपूरची उपासना त्याच्या आयुष्यात आली आणि मी कपाटात गेलो. तिच्याशी तासन्‌तास गप्पा, तिच्यासाठी पोहे शिकणं, आणि माझ्यावर बोटभर धूळ. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मार्चमध्ये लुकाच्या थोरल्या भावाचा फोन आला. 'बाहेरच्यांना हाकला' म्हणणाऱ्या पक्षाकडून तो तिकडे इटलीत निवडणुकीला उभा होता. "माझ्या सभेत पणजोबांचा ॲकॉर्डियन वाजायला हवा," तो म्हणाला. आईवडिलांमागे याच भावाने लुकाला वाढवलं होतं. लुकाने मुकाट्याने तिकीट काढलं. मी मनातल्या मनात नाचलो. उपासनेपासून सुटका, वर पुन्हा त्या टाळ्या.

"जा, भाऊ आहे तुझा. मी थांबवणार नाही," उपासना म्हणाली. "पण मला हाकलायचं गाणं वाजवून परत माझ्याकडे येऊ नकोस."

लुकाचं विमान रविवारी संध्याकाळी होतं. त्याच दुपारी इथे भीमजयंतीचा कार्यक्रम होता आणि ऐन वेळी उपासनेच्या पेटीचा भाता फाटला. तिने नाइलाजाने लुकाला फोन केला. तो मला घेऊन धावत आला. तिने मला सतरंजीवर पट्ट्या वर करून पेटीसारखं ठेवलं आणि मागे भाता चाचपू लागली. अगं बाई, माझा भाता माझ्या पोटात असतो. लुका हसला, मला मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसला.

"तू हवा दे, मी वाजवते," ती म्हणाली.

माझ्या छातीशी तो आणि पट्ट्यांवर तिची बोटं. मला ते सहन होईना. मी एक सूर घट्ट अडवून धरला. उपासना थबकली. तेवढ्यात पुढे बसलेल्या अंजनामावशींनी तो सूर गळ्यातून लावला, मग अख्ख्या हॉलने लावला. पुढच्या कडव्यातही तेच. मी रुसून बसलो होतो आणि गाणं खुशाल चाललं होतं.

कार्यक्रम संपल्यावर लुकाने पार्किंगमध्ये भावाला फोन लावला. "मी येत नाहीये. सॉरी. तू माझा भाऊच आहेस, पण नाही." पलीकडून फोन कट झाला. त्यानंतर भावाचा फोन आलेला नाही. लुका अजून वाट बघतो.

मित्रांनो, जुन्या वाद्यांना जपा, त्यांची धूळ पुसा. पण आम्ही कुणाच्याही हातात वाजतो, म्हणून गाणं कोणतं ते तुम्ही बघा. उपासनेवर मी आजही जळतो. तरी तो सूर मी सोडून दिलाय. अडवायचाच होता, तर तो त्या दिवशी, पुस्तकवाल्याच्या दारात अडवायला हवा होता.