पुढची शंभर पानं

संत तुकाराम नगरातल्या शालनबाईंच्या लायब्ररीला पाटी नव्हती, पावती नव्हती आणि दंडही नव्हता. तळमजल्याच्या गॅलरीत दोन लोखंडी रॅक, त्यांवर हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत गवार मोडत बसलेल्या शालनबाई, एवढीच ती लायब्ररी. नियम एकच. पुस्तक दोन दिवसांत परत. नाही गेलं, तर बाई स्वतः घरी यायच्या आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात दारातूनच विचारायच्या, "सुमनताई, तुमच्या तेजस्विनीकडचं 'ओठांवरची सही' झालं का वाचून?"

सुमनताईंनी त्या दिवशी लेकीला जे काही सुनावलं, त्यानंतर तेजस्विनीकडून पुस्तक कधीही उशिरा गेलं नाही.

पण आठवीतल्या पोरीनं दोन दिवसांत दोनशे पानं वाचायची कधी? शाळा, क्लास, सकाळचं पाणी भरणं, धाकट्या भावाला सांभाळणं. म्हणून तिनं आरफाला जोडीला घेतलं. आरफा मागच्या गल्लीत राहायची. तिच्या अब्बांचं, बरकतचाचांचं, कोपऱ्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दोघींची वाटणी ठरली. पहिली शंभर पानं तेजस्विनीची, पुढची शंभर आरफाची. तेजस्विनीनं आपली शंभर वाचून पुस्तक आरफाला द्यायचं आणि तिथपर्यंतची गोष्ट सांगायची. आरफानं पुढचं वाचून सकाळी शाळेत जाता जाता पुस्तक परत करायचं आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या कट्ट्यावर शेवट सांगायचा. सहा वर्षं हे असं चाललं. ह्या हिशेबानं तेजस्विनीनं शे-दीडशे कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि एकीचाही शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता.

पाहायची गरजच काय होती? आरफा शेवट असा सांगायची की डास चावलेले कळायचे नाहीत. नायिकेचा बाप कसा खोकला, नायकाच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलं होतं, सगळं. आणि शेवटाकडे नायक हमखास काहीतरी दुरुस्त करायचा. कधी मिक्सर, कधी पिठाची गिरणी, तर एकदा हिल स्टेशनच्या हॉटेलातली लिफ्ट. तेजस्विनीला वाटायचं, प्रेमकथेचा हा नियमच असणार. अर्ध्यापर्यंत नायक गिटार वाजवतो, अर्ध्यानंतर मोटार खोलतो.

एकोणिसाव्या वर्षी आरफाचं लग्न झालं आणि ती चाकणला गेली. तेजस्विनी डिप्लोमाला लागली. भांडण नाही, रुसवा नाही. मधल्या काळात फोन बदलले, नंबर बदलले. पुन्हा नंबर मिळाले तेव्हा ईदला चंद्रकोर आणि दिवाळीला पणती पाठवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

आता तेजस्विनी तेहतीस वर्षांची होती, रावेतला चौदाव्या मजल्यावर राहत होती आणि तिला आठ महिन्यांची मुलगी होती. तिचं पाळण्यातलं नाव कागदावरच राहिलं होतं, घरात ती छकुली. छकुलीची एक तऱ्हा होती. पिता पिता अंगावर झोपायची आणि खाली ठेवलं की टक्क डोळे उघडायची. त्यामुळे दुपारचे दोन तास तेजस्विनीला भिंतीला टेकून बसून काढावे लागत. एक हात छकुलीखाली, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या हातात मावेल असं काहीतरी तिला हवं होतं. नेमका त्याच वेळी सुमनताईंचा फोन आला. शालनबाई मुलीकडे सोलापूरला चालल्यात, पुस्तकं वाटून टाकतायत, तुला हवीत का?

तेजस्विनीनं सहा आणली. सर्वांत आधी उघडलं 'मोगरा, बंगला नंबर नऊ'.

त्या पुस्तकावर तिचा जीव होता, त्याला कारण होतं. तिला स्थळं आली तेव्हा शेवटी दोन उरली होती. एक हिंजवडीचा, बोलायला गोड, पहिल्याच भेटीत आईला हसवणारा. दुसरा सुजित. चाकणला कंपनीत क्वालिटीत होता. पाहायला आला आणि तासाभरात तीन वाक्यं बोलला, त्यातलं एक पोह्यांबद्दल. पण डोक्यावरचा पंखा खडखडत होता, तो काही त्याला सहन होईना. उठला, स्टुलावर चढला, खिशातली किल्ली घालून काहीतरी आवळलं, पंखा गप्प. पुन्हा येऊन बसला. आणि तेजस्विनीला बंगला नंबर नऊचा भाडेकरू आठवला. अबोल अविनाश. नायिकेच्या, मधुराच्या, लग्नाच्या मांडवात पाणी संपतं, पंप बंद, पाहुण्यांची बोंबाबोंब, आणि बडबड्या नवरदेवाच्या देखत अविनाश बाह्या सरसावून पंप चालू करतो. मधुराचा बाप तिथेच विरघळतो. तिनं आईला सांगितलं, हाच.

पान शंभर संपलं. एकशे एकपासून ती पहिल्यांदाच स्वतः वाचायला लागली. एकशे चाळीसपर्यंत पंपाचा पत्ता नव्हता. एकशे साठला कळलं की अविनाशची नाशिकला बायको आहे. तो गप्प गप्प असायचा तो त्यामुळे. बॅग घेऊन तो निघून गेला आणि मधुरानं बडबड्या आतेभावाशी सुखानं लग्न केलं. शेवटच्या पानावर दोघं महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खात होती.

तेजस्विनीनं पुस्तक मिटलं आणि पलंगाकडे पाहिलं. सुजित तिसरी शिफ्ट करून आला होता आणि तोंड उघडं टाकून झोपला होता. याची नाशिकला बायको नाही, एवढं नक्की. असती तरी तिच्याकडे जायला याला सुट्टी कुठे मिळते!

आरफाला आठवलं नसेल, तिला वाटलं. म्हणून दुसरं वाचलं. मग तिसरं. मिक्सर नाही, गिरणी नाही, लिफ्ट नाही. तिन्ही शेवट आरफानं आपल्या मनानं सांगितले होते.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. सांगता सांगता आरफा मध्येच हसायची, ते आता तिला वेगळंच आठवू लागलं. ती गोष्टीला हसायची की समोर तोंड उघडं टाकून ऐकणाऱ्या बावळट पोरीला? सोसायटीचे तीन ग्रुप होते, ऑफिसातल्या बायका होत्या, सगळ्या चांगल्याच होत्या. पण मैत्रीण कुणाला म्हणायचं तर तिच्याकडे तो टाकीमागचा कट्टा होता, बाकी काही नव्हतं. तिथेही कुणी सहा वर्षं आपल्याला उल्लू बनवत असेल, तर मग?

"त्या पुस्तकात कुणी मेलं का?" सुजितनं विचारलं. "तोंड असं का केलंयस?"

"गुरुवारी मला चाकणला सोडाल?"

"अगं, आठवड्यातून एकच दिवस मला चाकण बघावं लागत नाही. तो गुरुवार."

पण सोडायला आला. तळेगावच्या पुढे कंटेनरांच्या मागे तासभर रखडत ते आरफाच्या नवऱ्याच्या, अय्याजच्या, गॅरेजपाशी पोचले. घर गॅरेजच्या वरच होतं. सुजित "मी खालीच थांबतो" म्हणाला आणि छकुलीला घेऊन तेजस्विनी जिना चढली.

आरफानं दारातच मिठी मारली. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता, आवाज मात्र तसाच. "अगं बाई, ही बघ, ही बघ! नाक सुमनकाकूंचं आणि कपाळ कुणाचं गं एवढं?"

"तिच्या बापाचं."

"मग केस लवकर जातील. टोप्या शिवून ठेव."

खिडकीजवळ आरफाच्या सासूबाई, रहमतबी, सूप पुढ्यात घेऊन लसूण सोलत होत्या. त्यांनी छकुलीला मांडीवर मागून घेतलं आणि छकुलीनंही लगेच त्यांच्या दंडातला ताईत तोंडात घातला. आरफाची दोन्ही मुलं शाळेत गेली होती. कोण जाडं झालं, कोण गेलं, कुणाची बिल्डिंग पाडली, असं बोलणं चाललं. मग लंगोट काढायला म्हणून तेजस्विनीनं पिशवी उपडी केली आणि लंगोटाबरोबर 'मोगरा, बंगला नंबर नऊ' बाहेर पडलं.

आरफानं मुखपृष्ठाकडे पाहिलं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

चहाला लागतो त्यापेक्षा बराच वेळ गेला.

"वाचलंस?" आतून आवाज आला.

"वाचलं."

"शेवटपर्यंत?"

"तीन वाचली. तिन्ही शेवटपर्यंत."

भांड्यावर भांडं आपटलं. "मग काय, भांडायला आलीस?"

"विचारायला आलेय. मला येडी समजत होतीस का गं तू?"

आरफा हातात गाळणं घेऊनच बाहेर आली. "येडी? तेजू, मला वाचताच यायचं नाही."

"काहीतरी सांगू नकोस. दुकानात बसून पेपर वाचायचीस तू."

"हेडिंग वाचायचे. मोठ्या अक्षरातली. माझी शाळा उर्दू, विसरलीस? मराठीचा तास आठवड्यातून तीनदा. बोलायला मी तुझ्यापेक्षा फाडफाड, पण वाचायला बोट लागायचं. जोडाक्षर आलं की तिथेच मुक्काम. एका संध्याकाळी फार तर पंधरा पानं व्हायची. तेवढ्यात कोण कोण आहे ते कळायचं. पुढचं मी जुळवायचे."

"सांगायचंस ना मग! मी वाचून दाखवलं असतं."

"तू?" आरफा जमिनीवर बसली. "तुमच्या बिल्डिंगमधली जयमाला आठवते? अख्खं पुस्तक एका दिवसात संपवायची. एकदा कट्ट्यावर तू म्हणालीस, जयमाला किती फास्ट वाचते गं. सहज म्हणालीस. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. म्हटलं, हिला कळलं की ही जाणार तिच्याकडे."

तेजस्विनीला ते वाक्य अजिबात आठवत नव्हतं. जयमालाचा चेहराही धड आठवेना. तिनं खाली पडलेले लंगोट उचलून पुन्हा घड्या घातल्या, घातलेल्याच घड्या पुन्हा मोडून घातल्या.

"आणि हसायचीस का मधेमधे?"

"पुढे काय ते सुचायचं नाही तेव्हा. हसलं की थोडा वेळ मिळतो."

"आणि ते सगळे हिरो मोटारी का खोलायचे गं?"

"दुसरं काय माहीत होतं मला? अब्बा एवढेच बघितलेले. कुणाच्या घरचं पाणी बंद पडलं की जेवणावरून उठून जायचे. चांगला माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पाना-पकडच यायची."

तेजस्विनी हसायला लागली. हसता हसता तिनं खडखडणारा पंखा, स्टूल आणि खिशातली किल्ली, सगळं सांगितलं. आरफाचं गाळणं वरच्या वर राहिलं.

"म्हणजे तुझं लग्न मी लावलं?"

"तूच. आता हे रात्री घोरतात, ती तक्रार कुणाकडे करू?"

"वाइंडिंगला सहा महिन्यांची गॅरंटी असते. तुझी कधीच संपली." आरफानं चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. "रागावली नाहीस ना?"

"रागावलेय. तू त्या दिवशी जेवली नाहीस म्हणून."

चहा उकळून आटला होता, त्यात दूध वाढवून आरफानं तो तसाच आणला. एक घोट घेतला आणि तिला राहवेना.

"खरं काय होतं गं शेवटी? अविनाशचं?"

"त्याची नाशिकला बायको असते. तो निघून जातो, मधुरा आतेभावाशी लग्न करते."

"त्या बडबड्याशी?" आरफानं कप खाली ठेवला. "छे! असं कसं? शंभर पानं त्या माणसाला मोगऱ्याला पाणी घालायला लावायचं आणि मग म्हणायचं याला बायको आहे? हे लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नाही का? मग मोगरा कुणासाठी होता?"

"ते नाही लिहिलेलं."

"बघ! आणि मला म्हणे खोटारडी."

"मी कधी म्हटलं?"

"चेहऱ्यावर होतं. जिना चढलीस तेव्हाच."

पुस्तकाची पानं उलटून आरफा शेवटचं प्रकरण वाचू लागली. बोट नव्हतं. मुलांचा अभ्यास घेता घेता ते सुटलं असणार. ओठ मात्र हलत होते. स्ट्रॉबेरीपर्यंत आली आणि तिनं नाक मुरडलं.

"व्हय गं," इतका वेळ लसूण सोलत असलेल्या रहमतबी म्हणाल्या. छकुली त्यांच्या मांडीवर पालथी होऊन झोपली होती, आणि त्यांनी एका हातानं सोलायचं चालूच ठेवलं होतं. "मंग त्या नाशिकच्या बाईचं काय झालं?"

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई, तुमी दोघी त्या मधुराचंच घेऊन बसलाय. ती कुठं उपाशी मरत हुती? पण त्या दुसरीचा नवरा बंगल्यात ऱ्हातोय, फुलझाडं लावतोय, आन ती तिकडं एकली. ती काय करत हुती तवर? तिचं काई लिवलंय का न्हाई त्यात?"

तेजस्विनीनं आठवून पाहिलं. नाशिकची बायको दोन ओळींपुरती आली होती. तिला साधं नावही नव्हतं.

"नाही अम्मी," ती म्हणाली. "लिहिलेलं नाही."

खालून सुजितनं हाक मारली. साडेचार वाजले होते, आता निघालो नाही तर शिफ्ट सुटायच्या गर्दीत सापडू, असं काहीतरी तो म्हणत होता. तेजस्विनीनं खिडकीतून हात हलवला, त्याला थांब म्हणतात तसा, आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

आरफानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि हसली.

"थांब," ती म्हणाली, "सुचू दे जरा." आणि थोड्या वेळानं, रहमतबींच्या सुपातली एक पाकळी उचलून सोलत सोलत, "नाशिकला ना, अम्मी, पंचवटीच्या अलीकडे तिचं एक शिलाईचं दुकान होतं…"