बाईंचा दीड हजार

बाईंच्या तलावावर एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. शर्यत पन्नास मीटरची असो नाहीतर पंधराशेची, तिच्याआधी दीड हजार मीटर वॉर्मअप झालाच पाहिजे, आणि तोही पाण्यात. चारशे सावकाश, चारशे नुसते पाय, चारशे नुसते हात आणि शेवटचे तीनशे तुकड्यातुकड्यांनी जोरात. काठावर उभं राहून उड्या मारणं, हात गरागरा फिरवणं याला बाई ‘नाच’ म्हणत. कुणी तसं करताना दिसलं की लांबूनच विचारत, “वरात कुणाची आहे?”

हा नियम त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. एकोणीस वर्षांच्या असताना एका मोठ्या स्पर्धेला जाताना त्यांची बस वाटेत बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा त्यांचं नाव पुकारत होते. तशाच थंड अंगाने त्यांनी उडी मारली आणि तिसाव्या मीटरला पोटरीत असा गोळा आला की उरलेलं अंतर एका पायाने कापावं लागलं. त्या शेवटच्या आल्या. वडील प्रेक्षकांत होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पुढे बाई शिकवू लागल्या, तेव्हा पहिल्या दिवसापासून दीड हजार होता. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती.

टाचणी ही त्यांची सध्याची सगळ्यात वेगवान पोरगी. वय बावीस, अंगाने काटकुळी, आणि पाण्यात शिरताना शिंतोडासुद्धा उडत नसे, म्हणून टाचणी. सकाळी ती पोहायची, आणि दुपारी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर काचा घासायची. पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिची सर्वांत चांगली वेळ २८.३१ होती. राष्ट्रीय स्पर्धेला पात्र व्हायला २७.९० हवी होती. चौदा महिने घोडं तिथेच अडलं होतं. बाईंनी तिचे हात बदलून पाहिले, उडी बदलून पाहिली, तिचं खाणं बदललं. वॉर्मअपला मात्र हात लावला नाही.

विभागीय स्पर्धेच्या दिवशी सगळंच बिनसलं. सरावाच्या छोट्या तलावाचा पंप सकाळीच बसला आणि पाणी गढूळ झालं. मुख्य तलावात प्रत्येक क्लबला दहा मिनिटं मिळाली. टाचणीचे कसेबसे पाचशे मीटर झाले. त्यात वेळ मोजणारं यंत्र बिघडलं आणि शर्यती चाळीस मिनिटांनी पुढे गेल्या. आयोजकांशी भांडायला बाई ऑफिसात गेल्या. यंत्र बंदच आहे तर तेवढ्यात टाचणीला उरलेले हजार मीटर पोहू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही.

त्या परत आल्या तर टाचणी हजेरीच्या खोलीबाहेरच्या बोळात होती. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी, पायात थोरल्या बहिणीचे मोजे. ती भिंतीवर हात टेकून दंड मारत होती. मग तिने हात फिरवले, गुडघे छातीपर्यंत आणत जागच्या जागी धावली, वाकून उंच उडी मारली, पुन्हा वाकली, पुन्हा मारली. गाल लाल झाले होते.

“हे काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“थंडी वाजत होती, बाई.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण शर्यतीआधी पोहणाऱ्याला ओरडायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्या मूग गिळून प्रेक्षकांत जाऊन बसल्या.

टाचणी २७.८४ मध्ये पोहली.

फलकावरचा आकडा बाईंनी दोनदा वाचला. मग उठून टेबलाजवळ गेल्या आणि तिथल्या माणसाला म्हणाल्या, “यंत्र आत्ताच दुरुस्त झालंय. बरोबर दाखवतंय ना?”

“तीन जणांच्या हातातली घड्याळंही तेच सांगतायत, बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला कमी हवं होतं की जास्त?”

परतीच्या बसमध्ये बाकीची मुलं मागे गोंधळ घालत होती. टाचणी बाईंच्या शेजारी येऊन बसली.

“रागावलात का?”

“नाही.”

“मग बोलत का नाही?”

“विचार करतेय. उड्या कुणी शिकवल्या तुला?”

“कुणीच नाही. दीड हजार झाल्यावर मला छान वाटायचं, बाई. पण मग ओल्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून नाव पुकारेपर्यंत अर्धा तास बसायचं. उडीच्या ब्लॉकवर चढेपर्यंत अंग गार. अर्ध्या तासापूर्वी पोहलेली मुलगी दुसरीच कुणीतरी होती असं वाटायचं. आज म्हटलं, नियम तसाही मोडलाच आहे, निदान गारठायला तरी नको.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“बोलायचं असतं हे माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

बाईंचे यजमान निवृत्त गणिताचे शिक्षक. घरीदारी त्यांना सगळे मास्तर म्हणत, बाईसुद्धा. रविवारी दुपारी बाईंनी एकोणतीस वर्षांच्या वह्या कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक शर्यत, प्रत्येकाची वेळ, तारीख, पाणी कसं होतं, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात होतं. मास्तरांनी चष्मा पुसून चार-पाच वह्या चाळल्या.

“वॉर्मअप कधी संपला आणि शर्यत कधी लागली, हे कुठे लिहिलंयस?”

“ते कशाला लिहायचं?”

“अंग गरम व्हावं म्हणून एवढं पोहायला लावतेस. मग ते किती वेळ गरम राहतं ते नको बघायला? चहा उकळून ठेवतेस आणि अर्ध्या तासाने पितेस का?”

बाई चिडल्या. तरी त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, “कसं बघायचं ते सांगा.”

मास्तरांनी आखणी करून दिली. बाईंकडे स्पर्धेला उतरणारे अकरा जण होते. त्यांतले सात कमी अंतराचे, चार लांब अंतराचे. सहा आठवडे दर शनिवारी प्रत्येकाने आपली शर्यत घड्याळावर पोहायची. त्याआधीची तयारी तीन तऱ्हांची. एक, बाईंचा दीड हजार आणि मग स्पर्धेत असतो तसा अर्धा तास बसून राहणं. दोन, पाण्यात फक्त सहाशे आणि मग गरम कपडे घालून काठावर दहा मिनिटं व्यायाम: दंड, उड्या, रबरी पट्टा ओढणं. तीन, पाण्याला हात न लावता नुसता काठावरचा व्यायाम. कुणाला कधी कोणती तऱ्हा ते चिठ्ठी काढून ठरायचं, आणि प्रत्येक तऱ्हा प्रत्येकाच्या वाट्याला दोनदा.

“चिठ्ठी कशाला? मी सांगते ना कुणी काय करायचं.”

“म्हणूनच,” मास्तर म्हणाले.

सहा शनिवार मास्तर काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत पेन घेऊन बसले. मुलांना मजा वाटली. बाईंना वाटली नाही. ज्याला ‘नाच’ म्हणत आल्या तोच शिट्टीच्या तालावर करून घेताना त्यांचा आवाज पहिल्या दिवशी अडखळला. कुणी हसलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मास्तरांनी बेरजा केल्या. कमी अंतराच्या सातांपैकी सहा जण दुसऱ्या तऱ्हेने सगळ्यात वेगात पोहले होते, कुणी दोन दशांश सेकंदाने, कुणी चार. सातवा टपाल वाटणारा एक अबोल माणूस होता. त्याला दीड हजारच मानवत होता. तिसरी तऱ्हा जवळजवळ कुणालाच चालली नाही. टाचणीसुद्धा नुसत्या उड्या मारून पाण्यात उतरली तेव्हा साडेअठ्ठावीसच्या वर गेली. लांब अंतराच्या चौघांना मात्र काही केलं तरी फारसा फरक नव्हता.

“म्हणजे मी चूक की बरोबर?” बाईंनी विचारलं.

“अकरा माणसं, सहा आठवडे. यावर ग्रंथ लिहू नकोस,” मास्तर म्हणाले. “पण पाण्यातून बाहेर काढून गारठत बसवायचीस, ते चूक.”

बाईंनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कमी अंतरवाल्यांचा वॉर्मअप बदलला. टपालवाल्याला दीड हजार ठेवला. सगळं रीतसर झालं, तरी त्यांना चैन पडेना. वह्या चाळताना नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ डोळ्यांखालून गेली होती. एका मुलीच्या नावापुढे त्यांनीच लिहिलेली: वॉर्मअप अर्धवट. रिलेतून काढलं.

ती तेव्हा अठरा वर्षांची होती. रिलेत शेवटचा टप्पा तिचा असायचा. त्या दिवशी सातशे मीटर पोहून ती बाहेर आली आणि म्हणाली, “बाई, पुढे पोहले की हात जड होतात. मी बाहेरच हलत राहते.” बाई म्हणाल्या होत्या, “माझ्या तलावात माझा नियम. जमत नसेल तर फाटक उघडं आहे.” तिच्या जागी दुसरी पोहली. ती मुलगी त्या फाटकातून गेली ती परत आली नाही.

चौकशी केल्यावर कळलं की ती लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करते. एका मोठ्या रुग्णालयाच्या बारा लिफ्ट तिच्याकडे होत्या. बाई एका मंगळवारी दुपारी तिथे गेल्या. तळमजल्यावर एका लिफ्टचं दार उघडं होतं, समोर पिवळी पाटी उभी केली होती, आणि निळ्या कपड्यांतली एक तरुणी गुडघ्यावर बसून दाराच्या पन्हळीतली घाण ब्रशने काढत होती. खांदे अजून पोहणारीचे होते.

तिने वर पाहिलं आणि पटकन उभी राहिली. “बाई? कुणी आजारी आहे का?”

“नाही. तुलाच भेटायला आले. वेळ आहे का?”

“हे दार नीट लागेपर्यंत आहे. बसा त्या बाकावर.”

बाईंनी वाटेत बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना. त्यांनी टाचणीचं सांगितलं, सहा शनिवारांचं सांगितलं, मास्तरांच्या बेरजा सांगितल्या. ती हातातला ब्रश झाडत ऐकत राहिली.

“म्हणून सांगायला आले, की तेव्हा माझं चुकलं होतं,” बाई म्हणाल्या.

“पूर्ण?”

“अर्ध्याहून जास्त.”

ती हसली. मग जवळ येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. “एक सांगू? त्या दिवशी मी थोडा आळसही केला होता. आदल्या दिवशी मैत्रिणीकडे राहिले होते, झोप झाली नव्हती. हात जड होतात हे खरं होतं, पण त्या दिवशी ते जरा वाढवून सांगितलं.”

“मग हे नऊ वर्षांपूर्वीचं ओझं मी उगाच इथवर वाहत आणलं?” बाई म्हणाल्या. दोघीही हसल्या, आणि हसणं लवकरच संपलं.

“काढलंत त्याचा राग नव्हता,” ती म्हणाली. “नियम मोडला की काढणार हे माहीत होतं. पण हात जड होतात म्हणजे काय होतं, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. मी चार वर्षं तुमच्याकडे होते, बाई. रोज पाच वाजता. मला वाटलं, एवढं तरी विचारतील.”

समोरून एक चाकाची खुर्ची गेली. तिची चाकं कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होती.

“काय व्हायचं?” बाईंनी विचारलं.

“कधी?”

“हात जड व्हायचे तेव्हा.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने उजवा हात पुढे धरला आणि कोपरापासून खांद्यापर्यंत बोट फिरवत सांगायला लागली: कुठे भरून यायचं, किती मीटरनंतर, बोटं कशी फाकायची. नऊ वर्षांनंतरही तिला बारीकसारीक आठवत होतं. बाईंनी मध्ये दोन प्रश्न विचारले. सांगून झालं तेव्हा ती उठली, दाराजवळ गेली, बटण दाबलं. दार सरळ लागलं.

“बुधवारी माझी सुट्टी असते,” ती पाठमोरीच म्हणाली. “येईन कधीतरी. पण घड्याळ लावायचं नाही.”

“नाही लावणार.”

ती तिसऱ्या बुधवारी आली. जुना पोहण्याचा पोशाख अंगात शिरत नव्हता, नवा घेतला होता. कडेच्या लेनमध्ये ती वीस मिनिटं सावकाश पोहली आणि दमून निघून गेली. त्यानंतर कधी येई, कधी नाही. बाईंनी तिला स्पर्धेबद्दल विचारलं नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत टाचणी २७.७१ पोहली. आजवरची तिची सर्वोत्तम वेळ. प्राथमिक फेरीत ती अकरावी आली, आणि अंतिम फेरीत आठच जणी घेत. आठवीचे २७.६६ होते. निकाल लागल्यावर ती केस न पुसताच येऊन बाईंच्या शेजारी पायरीवर बसली. केसांतलं पाणी पायरीवर ठिबकत होतं.

“पाच शतांश,” ती म्हणाली.

“हो.”

“आता पुढे काय करायचं?”

याचं उत्तर बाईंकडे एकोणतीस वर्षं तयार असे. या वेळी नव्हतं. “मला अजून माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “ते पाच शतांश कुठे गेले असं तुला वाटतं?”

टाचणीने टॉवेल तोंडावर घेतला. ती रडतेय की विचार करतेय ते कळत नव्हतं, आणि बाईंनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने टॉवेलमधूनच आवाज आला, “उडी मारली ना, तेव्हा डावा पाय…” आणि मग ती सांगत गेली. बाईंनी पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना, तेव्हा स्पर्धेच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूवर लिहायला घेतलं.