केसभर वर

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि आज माझ्या सहाही तारांना इतका हुरूप आलाय की गोष्ट कुठून सुरू करू तेच कळत नाही.

पहिल्यापासूनच सांगते. एक गिऱ्हाईक शिंप्याच्या दुकानात कोट न्यायला आलं आणि मला कोपऱ्यात विसरून गेलं. शिंप्याने वर्षभर वाट पाहिली, मग मला मांडीवर घेतलं. दुपारी मशीन थांबलं की तो एकच चाल वाजवायचा. गिऱ्हाइकं म्हणत, कपडे उशिरा मिळाले तरी चालेल, चाल अर्धी सोडू नका. असं कौतुक झालं की मी फुगायचेच.

पण माझ्या चौथ्या तारेची खुंटी सैल झाली. तिला मागून धरणाऱ्या पत्र्याचा स्क्रू लाकडातल्या भोकात नुसता फिरू लागला. शिंप्याने काय करावं? स्क्रूला निळा दोरा गुंडाळला आणि दाबून बसवला! दर काही महिन्यांनी एक वेढा वाढायचा. तरीही तार उतरायचीच. मग त्याने लेकीला शिकवलं, "केसभर वर लाव, उतरली की सुरात येईल. कापड धुतल्यावर आटतं, म्हणून आपण जरा मोठं बेततो ना, तसंच." लेकीला वाटलं, गिटार लावायची रीतच ही.

या वर्षी शिंपी गेला. मी तीन महिने पेटीत होते. बाहेरून मशीनचा आवाज येत नव्हता.

आज सकाळी पेटी उघडली. दुकान आज शेवटचं उघडणार होतं, जुनी गिऱ्हाइकं पाचला येणार होती, आणि लेकीने बाबांची चाल वाजवायचं कबूल केलं होतं. तिने तार लावली, चाल धरली, आणि दुसऱ्याच ओळीला तार ढेपाळली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिची आत्या हातशिलाई उसवत म्हणाली, तुझ्या बापासारखीच हट्टी आहे ही, कान पिळल्याशिवाय ऐकायची नाही. कान पिळूनही मी ऐकेना, तेव्हा लेक मला समोरच्या सुतारकाकांकडे घेऊन गेली.

काकांनी बोटाने खुंटी हलवली. ती हलत्या दातासारखी डुगडुगली. स्क्रू उपसला, तर त्याच्याबरोबर निळा दोरा बाहेर आला. लेकीने तो चटकन तळहातावर घेतला.

"बाबांनी गुंडाळलाय तो," ती म्हणाली. "परत तसाच बसवता येईल?"

काकांनी चष्मा वर केला. "लाकडाला लाकूडच लागतं, पोरी. दोरा जपून ठेव. फक्त भार त्याच्यावर टाकू नकोस."

 मग तिने दोरा गुंडाळून बाबांच्या सुयांच्या डबीत ठेवला आणि म्हणाली, सांगा, मीच करते.

तिने तारा सैल केल्या. दात कोरायच्या काडीचे तुकडे सरसात बुडवून भोकात ठासले. सरस वाळेपर्यंत मी बाकावर उताणी पडून होते, आणि मित्रांनो, तसे तास मी कधी काढले नव्हते! मग वर आलेलं काडीचं टोक कापलं, टोच्याने बारीक भोक पाडलं, स्क्रू हलक्या हाताने फिरवला. लाकडाने धरला! खुंटीला पुढून धरणारी चाकी पान्याने जराशी आवळली, बाकीच्या पाचही तपासल्या. "पुरे," काका म्हणाले. "जोर केलास तर लाकूड चिरेल."

पाच वाजता दुकान भरलं. कोणी शिंप्याने शिवलेला जुना कोट घालून आलं होतं. लेकीने आधी बाकीच्या तारा लावल्या, मग माझी चौथी, केसभर वर, आणि ती उतरायची वाट पाहू लागली.

तार उतरेना.

तिने पहिला सूर छेडला. तो चढा लागला.  आत्या म्हणाली, "अगं, आता ती घसरत नाही. खाली घे."

लेकीचा हात खुंटीवर थांबला. मग तिने ती केसभर उलटी फिरवली, आणि सूर जागेवर बसला. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. मी थरथरत होते, पण माझी खुंटी नाही. संपल्यावर सगळ्यांनी ती पुन्हा मागितली. तार तिथेच होती.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू डुगडुगत असेल, तर तिच्या खोडीलाच रीत समजू नका. वेळीच स्क्रू बघा, आवळा, पण बेताने. आणि जुना दोरा निघालाच, तर तो टाकू नका. आमचा डबीत आहे.