पाटीवरचं नाव

मनिराम माह्या पोटचा पोरगा. तरी माय असून सांगतो, त्या दिवशी मले त्याची किळस आली.

मोहफुलं वेचून झाले की उन्हाळ्यात फुलचूरले गावच्या मालकाच्या, मालगुजाराच्या छपरीत लिहाय-वाचायचा वर्ग भरे. माही सून रुख्मा दोन उन्हाळे तिथं जात होती, संग तिची पोट्टी, माही नात. गुरुजीनं सांगून ठेवलं होतं, तपासाले गोरा साहेब येणार. एका तरी बाईनं त्याच्यापुढं पाटी वाचली तर बायापोरींचा वर्ग चालू राहीन, नाही तर बंद. मनिरामले हा वर्ग डोळ्यात खुपे. वाचणारी बाई घरात टिकत नाही, म्हणे. स्वतःले एक अक्षर येत नाही, पण अक्कल वाटाले सगळ्यात पुढं.

साहेब आला. रुख्मानं गाव वाचलं, धान वाचलं, बैल वाचला. कुठंच अडली नाही. तेवढ्यात मनिराम गुरुजीच्या कानाले लागला. मनिराम मालगुजाराचा लाडका अन् गुरुजी मालगुजाराचा मिंधा. गुरुजीनं मान खाली घालून पाटीवर लिवलं, मनिराम.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे गावातल्या कुत्र्यालेबी ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या साहेबाले. रुख्मा पाटीकडे पाहे, मंग पायाकडे पाहे. अन् माहा लेक भिंतीले टेकून बिडी ओढत मिशीत हसून राहिला होता. थू!

मी उठली. साहेबाले सांगतलं, तिले वाचता येते, नवऱ्याचं नाव आहे म्हणून बोलत नाही. मालगुजार हिंदीत म्हणाला, बुढिया बहू को बचा रही है. साहेबानं त्याचंच ऐकलं. वर्ग बंद झाला. रडणाऱ्या नातीले मी घरी आणलं.

मनिराम ताटावर येऊन बसला. मोठ्या तोऱ्यात म्हणे, बायकोनं माही इज्जत राखली.

"तिनं राखली," मी म्हटलं. "अन् तू तिची चावडीवर मांडून आला."

नातीची पाटी त्याच्या रिकाम्या ताटात ठेवली.

"तुह्या बायकोचं नाव लिव हिच्यावर. मंग वाढतो."

त्यानं रुख्माकडे पाहिलं. आमचं भांडण झालं की तीच उठून भात वाढे, वाद मिटवे. या बारीले ती पोट्टीच्या केसाले तेल लावत बसून राहिली. मनिरामनं पेन्सिल उचलली, अन् ती धराची कशी, तेच त्याले समजेना.