दोन सुतांची झीज

माझी फळी डाव्या टोकाला दोन सुते, म्हणजे पाव इंच, खोल झिजली आहे. ही झीज फक्त वीतभर रुंदीची आहे. उरलेल्या फळीवर रंध्याच्या खुणा अजून बोटाला लागतात.

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे, कडुलिंबाच्या लाकडाचे. निजामाच्या राज्यात, उमरग्यात, शरणप्पा सुताराने मला घडवले. "चार माणसं ऐसपैस बसतील, बाई," तो मार्थाबाईंना म्हणाला. मार्थाबाई परिचारिका होत्या. सोलापूरच्या ख्रिस्ती मिशनने त्यांना इथे छोटा दवाखाना चालवायला पाठवले होते.

सुरुवातीला माझ्यावर सहा-सहा माणसे दाटीने बसत. बाई आधी शुभवर्तमानातला एक उतारा वाचत आणि मग औषध देत. सगळे माना डोलावत. एकदा नागूबाई नावाची म्हातारी मध्येच म्हणाली, "बाई, आधी औषध द्या की. तुमच्या देवाला म्या न्हाय म्हणत न्हाय, पण कान लई ठणकतुया."

सगळे हसले, बाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्रम बदलला. आधी औषध, मग वाचन. ज्याला ऐकायचे त्याने थांबावे.

कोणीही थांबले नाही. मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली बाटली हातात पडली की माणसे उठत. बाई तरीही पुस्तक उघडत आणि माझ्या रिकाम्या फळीकडे पाहून वाचत. आवाज कमी करत नसत. दोन वर्षे त्यांचे ऐकणारा मी एकटाच होतो आणि मला तर मानही डोलावता येत नव्हती.

मग दगडोबा नावाचा शेतकरी आला. त्याच्या पायाला विळा लागला होता. जखम भरली, तरी दर बाजाराच्या दिवशी तो येत राहिला. दाराकडच्या डाव्या टोकावर, वीतभर जागेत वाचन संपेपर्यंत टेकायचा. पायताण काढायचा नाही, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवायचा. कोणी विचारलेच तर आत गेलोच नव्हतो, असे सांगता यावे म्हणून.

वर बाईंनाच चिडवायचा. "बाई, हे बाकडं कवा ख्रिस्ती करताय? ऐकून ऐकून लाकूडबी पाठ म्हनंल."

"बाकड्याची मला घाई नाही, दगडोबा," बाई म्हणत. "तुमचीही नाही."

पुढे रझाकारांच्या धास्तीने निम्मे गाव सोलापूरकडे गेले. दगडोबाही गेला. त्या महिन्यांत माझ्यावर फक्त धूळ बसली. बाई ती पुसत आणि वाचत.

निजामाचे राज्य गेले, माणसे परतली. दगडोबाही आपल्या वीतभर जागेवर परतला. त्याच सुमारास सोलापूरहून पत्र आले. इतक्या वर्षांत किती जण प्रभूकडे आले, असे त्यात विचारले होते. बाईंनी उत्तर लिहून मोठ्याने वाचून पाहिले, "एकही नाही. वाचन रोज होते. पेरणे माझ्याकडे आहे, उगवणे देवाकडे." महिन्याभराने दुसरे पत्र आले. दवाखाना बंद करून परत या.

मित्रांनो, रिकामे बाकडे दिसले म्हणून ते लगेच अडगळीत टाकू नका. आधी त्याच्या फळीवरून एकदा हात फिरवून पाहा.

शेवटच्या बाजाराच्या दिवशी बाईंनी उरलेली औषधे वाटली. लोक निरोप घ्यायला थांबले होते. दगडोबा दारात आला, थबकला, आणि त्याने पायताण काढले. मग आत येऊन माझ्या मधोमध बसला.

"आरं, आज हिकडं कसा सरकलास?" नागूबाईने विचारले. त्याने बाईंकडे पाहिले.

त्याचा चेहरा पाहून बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दगडोबा, दवाखाना राहावा म्हणून काही बोलणार असाल तर बोलू नका. तो बंद होणारच आहे."

"ठावं हाय मला. दवाखाना ऱ्हावा म्हनून न्हाय." त्याची बोटे माझ्या फळीवर घट्ट रोवली गेली. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "आठ-धा वर्सं एक पाय भाईर ठिवून ऐकलं, बाई. घरात बोललो न्हाय, तुमालाबी बोललो न्हाय. आज समद्यांम्होरं सांगतो. म्या येशूचा होणार."