फाटकवालीची झडती

फाटकवालीनं खजुराच्या गोळ्यांचा डबा कानाशी धरून हलवला.

“ऐक.”

मला काहीच ऐकू आलं नाही. माझ्या कानांचं काय सांगावं, हल्ली स्वतःच्या दारावरची घंटाही मला शेजाऱ्यांची वाटते.

“काल हा डबा गच्च होता. आज खुळखुळतोय. कुणीतरी हात मारलाय.”

“अगं, घरातली माणसं खाणारच. खायलाच केलेत ना गोळे?”

“घरातली माणसं सांगून खातात.” तिनं स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणला. “ती कामाची पोर बघ. कशी पाठ करून भांडी घासतेय. चोराची पाठ मला कळते.”

भांडी घासणाऱ्या माणसाची पाठच दिसणार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या विषयात तिच्याशी वाद घालू नये, हे मी फार पूर्वी शिकले आहे.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात होतो. बदाम, खजूर, मनुका निवडून पाकिटं भरायचा कारखाना. मी खिडकीजवळच्या टेबलावर बदाम निवडायची, म्हणून ती मला आजही खिडकीवाली म्हणते. ती फाटकावर. संध्याकाळी भोंगा झाला की आम्ही बायका रांगेत उभ्या राहायचो आणि फाटकवाली एकेकीची झडती घ्यायची. “मुठी उघड,” हे तिचं पहिलं वाक्य. मग “हात वर.” केस, कॉलर, अॅप्रनचे खिसे, चपलांचे तळ. हात इतके हलके फिरायचे की अंगाला कळू नये, पण मनुका सुटायची नाही. सापडलेला माल ती वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात बांधायची. चारी कोपरे आत, इस्त्री मारल्यासारखी घडी. मग ती पुडी ऑफिसात जमा.

तिला शिव्या न घातलेली बाई कारखान्यात शोधून सापडली नसती. तरी तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. कारण सगळ्या गेल्या की ती मला थांबवायची आणि माझ्यासमोर स्वतः हात वर करून उभी राहायची.

“घे माझी झडती. नीट घे, लाजू नकोस. उद्या कुणी म्हणायला नको, हिला कोण बघतंय.”

मी घ्यायची. कधी बदामाचं सालसुद्धा सापडलं नाही. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहायची, फोटो काढून घ्यायला उभी असल्यासारखी.

आता ती मुलाकडे राहते आणि मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. मुलगा कायम फिरतीवर. सून नर्स आहे; पाळ्या करता करता तिच्या जेवणाला वेळ म्हणून उरलेली नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती हे गोळे करून ठेवते. गॅस पेटवायचा नाही, साखर घालायची नाही. खजूर कोमट पाण्यात मऊ करायचा, बिया काढायच्या, मिक्सरमधून फिरवायचा. त्यात ओट्स, बदामाचा जाडसर चुरा, थोडे जवस, कोकोची पूड. वळून फ्रीजमध्ये ठेवले की झाले घट्ट. एक तोंडात टाकला की दोन तास पळता येतं, असं सून म्हणते. आम्हाला कुठे पळायचंय? पण वळायला आम्ही दोघी हौसेनं बसतो. खजुराचा तो वास आला की मला आमची खिडकी आठवते, तिच्याखाली ऊन खात पसरलेले बदाम आठवतात.

“मूठ मिटू नकोस,” वळतानाही तिचं लक्ष माझ्या हातांवर.

“मिटल्याशिवाय वळणार कसा गं?”

“मिट. पण लगेच उघड.”

सून खळखळून हसली होती. “आई, मावशींना तरी सोडा हो!”

तेव्हा हसणारी सून हल्ली हसत नव्हती. गोळे रोज कमी होत होते. फाटकवालीचा पहिला संशय मुलावर होता, पण तो गावातच नव्हता. मग मीटर बघायला येणाऱ्यावर. शेवटी तो भांडीवाल्या मुलीवर येऊन ठरला आणि हलेना. रोज तेच ऐकून ऐकून सुनेनंही एकदा डबा उघडून आत बघितलं, मग भांडी घासणाऱ्या मुलीकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही. त्या मुलीकडे याच इमारतीतली कामं होती. एका घरात चोरीचा बोल लागला की बाकीची दारं आपोआप लागतात.

त्या दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. मी वर गेले तर फाटकवाली स्वेटर घालून बसलेली.

“बरं नाही का?”

“कणकण आहे.”

कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. उन्हाळ्यात स्वेटर घातलेली बाई दिसली की तिला आधी बाजूला घ्यायचं, हा नियम कुणाचा? तिचाच. मी तिच्याकडे बघत राहिले आणि स्वतःचीच लाज वाटून नजर काढून घेतली. पण नजर पुन्हा पुन्हा स्वेटरच्या फुगलेल्या खिशाकडेच जात होती.

तेवढ्यात मुलगी काम आटपून चपला घालायला आली. फाटकवाली उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

“मुठी उघड. हात वर.”

“काय हो आजी?” मुलीला आधी गंमत वाटली. मग नाही वाटली. “ताई, सांगा ना यांना. मला खजूर आवडतसुद्धा नाही.”

सून जमिनीकडे बघत उभी होती.

“आवडीचा प्रश्न नाही. हात वर.”

मुलीचे डोळे भरून आले. “घ्या झडती. पण उद्यापासून मी यायची नाही.”

“थांब,” मी फाटकवालीला म्हटलं. “आधी तुझी. आपल्याकडची पद्धत विसरलीस? हिला कोण बघतंय, असं म्हणेल की ही पोर.”

मला वाटलं, ती चिडेल. पण तिचा चेहरा उजळला. तिनं लगेच हात वर केले, मान ताठ केली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघू लागली. तशीच.

मी कॉलर बघितली. बाह्या बघितल्या. डाव्या खिशात हात घातला आणि बोटांना कागद लागला. चौकोनी पुडी, कोपरे आत. तिनं गोळा चोरला नव्हता. जप्त केला होता. ओट्यावर, डब्यात, जिथे दिसला तिथून, आणि जप्त केल्याचं मात्र ती विसरत होती.

पुडी मी मुठीत घेतली.

“काही नाही,” मी म्हटलं. तिनं हात खाली घेतले. मग मी तिच्यासमोर मूठ उघडली. “माझ्याकडे आहे. आजवरचे सगळे मीच घेतले.”

तिनं पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तू? खिडकीवाली, तू?”

“तोंडाला चव नव्हती गं.”

ती खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, “ऑफिसात सांगत नाही. पण पुन्हा नको.” सबंध नोकरीत तिनं कुणाला अशी सूट दिली नव्हती.

माझा हात खिशातून निघताना मुलीनं बघितला होता, आणि सुनेनंही. मुलगी चपला घालून जाऊ लागली. सून तिच्यामागे जिन्यात गेली, दोघी दबक्या आवाजात बोलत होत्या. परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. “मावशी, मी आईंना डॉक्टरांकडे नेते,” एवढंच ती म्हणाली. मुलगी दुसऱ्या दिवशी आली.

मी अजून रोज वर जाते. गेल्या गेल्या तिचा स्वेटर खांद्यावर नीट करते आणि खिशात पुडी असली तर काढून घेते. निघताना ती दारात उभी असते.

“हात वर.”

मी करते. ती माझी कॉलर बघते, खिसे बघते, वाकवत नसतानाही चपला बघते. हात अजून तसेच हलके. मुठी उघड, असं मात्र म्हणत नाही. विसरत असेल. मी थोडं थांबते, म्हणेल म्हणून वाट बघते.

“जा,” ती म्हणते.

जिन्याच्या वळणावर आले की मी मूठ उघडते. गोळा उष्णतेनं मऊ झालेला असतो. कागदाच्या घड्या तशाच सरळ असतात.